सुरतेची बहीण

दोन हजार एक साली महाडच्या कोर्टात अनंताचा वकील तावातावाने बोलत होता. "महाराष्ट्राने चौऱ्याण्णवला मुलींना भावाइतका हिस्सा दिला, मान्य. पण माझ्या अशिलाची बहीण शहाण्णवला लग्न होऊन सुरतेला गेली. तिला गुजरातचाच कायदा लागतो. तिथे वडिलोपार्जित जमिनीत मुलीला असा हक्कच नाही."

न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "जमीन कुठे आहे?"

"इथंच, महाड तालुक्यात, तुडीलला, साहेब."

"मुलगी सासरी गेली. जमीन गेली का?"

वकील कागद चाळू लागला.

"निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर."

सुट्टी होताच अनंताने बहिणीला व्हरांड्यात गाठलं. पिशवीतून साडी काढून तिच्या हातात दिली. साडीच्या घडीत स्टँपपेपर होता.

"घरातलं घरात मिटवू गो अक्षदा. सही कर. नायतर माहेर तुटलं समज."

अक्षदाने पेन घेतलं. मग कागदावरचं सगळ्यात वरचा ठळक शब्द वाचला : हक्कसोडपत्र.

"दादा, मी गुजरातची. मला हक्कच नाय ना?"

"नायच हाय."

"मग सोडू तरी काय?"