टोचलेली टमाटी

हर्षालीने कढईवरचं झाकण उचललं तेव्हा तिच्या लक्षात आलं, टमाटी टोचायची राहिली.

मोरीपाशी आपोआप उगवलेली ही गोल टमाटी, गोट्यांएवढी. बाजारात कोणी विचारत नाही, पण अख्खी शिजवावीत ती हीच. लसूण, दाण्याचं कूट, गुळाचा खडा. मात्र आधी एकेकाला बाभळीच्या काट्याने टोचायचं, नाहीतर तेलात फुटून डोळ्यांत उडतात. महिन्यापूर्वी गेलेल्या तिच्या सासूबाई, कुसाबाई, हे दर वेळी बजावायच्या. आणखी एक बजावायच्या: उपाशी पोटी कोणी उंबरा ओलांडायचा नाही. वायरमनलासुद्धा त्या भाकरी खाल्ल्याशिवाय जाऊ देत नसत.

ओढणी तोंडापुढे धरून हर्षाली मागे सरली. एकही फुटलं नाही. तिने चमच्याने एक उचललं. देठापाशी बारीक भोक होतं. दुसऱ्यालाही होतं. सगळ्यांना होतं.

खिडकीच्या चौकटीत खोचलेला काटा ओला होता.

घरात दुसरं कोणी नव्हतं. नवरा, शेखर, टेम्पो घेऊन पिंपळगावला गेलेला. सासरे धोंडीराम नऊ दिवस बाजेवरून उठले नव्हते. पोटात चहाचे दोन घोट, बास.

"मीच टोचली असतील," ती मोठ्याने म्हणाली.

ताट घेऊन ती बाजेशी बसली. "मामा, दोनच घास. माझ्यासाठी."

धोंडीराम आपणहून उठून बसले. "तिच्या हातचा वास येतोय."

"मी केलीत, मामा."

"केलीस तू. टोचली तिनं. तुझ्या कधी ध्यानात राहतंय?" ते हसले आणि त्यांनी भाकरी मोडली.

एक टमाटं, मग दुसरं. अर्धी भाकरी संपली. हर्षालीने घाईघाईने फोन लावला. "अहो, मामा जेवताहेत!"

"काय सांगतेस!" पलीकडून शेखर ओरडला. "पोटभर वाढ त्यांना!"

धोंडीराम दाराकडे बघत घास चावत होते. "आलो म्हटलं ना. लय घाई तुला," ते दाराकडे बघूनच म्हणाले. "जेवल्याबिगर तूच निघू द्यायची नाय."

दारात कोणी नव्हतं.

नऊ दिवस ज्या ताटासाठी हर्षालीने त्यांच्या विनवण्या केल्या होत्या, ते तिने त्यांच्यापुढून खसकन ओढून घेतलं.

"हॅलो? जेवले का?" फोन विचारत होता.

"दे गं पोरी," धोंडीराम शांतपणे म्हणाले. "ती उंबऱ्यापाशी खोळंबलीय. एकच तर राहिलंय."

हर्षालीने ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तिरक्या ताटात ते एक टमाटं घरंगळत दाराच्या बाजूला गेलं आणि कडेला थांबलं.