खंडेनवमीचं पिस्तूल

"कमरेला यातलं कुठलं जास्त उठून दिसेल?"

बाजार समितीचे सभापती थोबडे तासभर माझ्या दुकानातल्या आरशापुढे उभे होते. एकदा हे पिस्तूल लावून बघायचे, एकदा ते. दोन्ही मोठी, वजनाला सारखी, गोळ्याही सारख्याच. फरक काय तो मुठीच्या रंगाचा.

जुनं पिस्तूल त्यांनी आल्याआल्याच काउंटरवर आदळलं होतं. परवा विरोधकांच्या माणसांनी गाडी अडवून काच फोडली. यांनी हवेत बार काढायला चाप ओढला, तर तो जागचा हललाच नाही. "कंपनीच भामटी," म्हणाले.

मी ते उघडलं. आत घोड्याखाली तेलात कालवून दगड झालेलं हळदकुंकू आणि अक्षता निघाल्या.

"साहेब, हे साफ कधी केलं होतं?"

"साफ कशाला? दर खंडेनवमीला साग्रसंगीत पूजा करतो आम्ही याची."

"त्या पूजेनंच ते बसलंय. नव्यावर हळदकुंकू टाकू नका. एवढं पाळलंत तर दोन्हींपैकी कुठलंही जन्मभर चालेल."

सभापतींनी गंभीरपणे मान हलवली आणि एकदाचं काळ्या मुठीचं घेतलं.

"अहो, थांबा." इतका वेळ खुर्चीत बसलेल्या त्यांच्या पत्नी उठल्या. "नवी वस्तू तशीच कमरेला लावायची का?" त्यांनी पर्समधून कुंकवाचा करंडा काढला. सभापतींनी चपला काढून पिस्तूल दोन्ही हातांवर आडवं धरलं.

तपकिरी मुठीचं मी परत कपाटात ठेवलं नाही. थोबड्यांच्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवलं.