चार महिने वापरात

“म्हणून दाखवा बघू, मावशी. ‘चार महिने झाले, आम्ही हेच वापरतो. फार सोय झाली.’ बस, एवढंच.”

कांताबाईंनी प्रभाग कार्यालयातून आलेल्या अपूर्वकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागच्या कुलपाकडे. कळव्याच्या टेकडीवर त्यांच्या चाळीसाठी नवं शौचालय बांधून चार महिने झाले होते. गुडघे धरलेल्यांसाठी त्यात एक कमोड होता, उठताना धरायला भिंतीत दांडी होती. त्या दांडीसाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवले होते कांताबाईंनीच. आणि वापरलं कुणी? झरोक्यातून शिरलेल्या कबुतरांनी!

कुलूप का, तर उद्घाटनाची फीत. देशोदेशीच्या नगरपालिकांचा कसलासा संघ आहे म्हणे, त्याचे पाहुणे येऊन ती कापणार. एकदा पाहुण्यांचा व्हिसा अडला, एकदा मोठ्या साहेबांना सवड नव्हती. तोवर कांताबाई रोज पहाटे कठडा धरून बाहत्तर पायऱ्या उतरत होत्या, रस्त्याकडेच्या जुन्या संडासापर्यंत. आणि पुन्हा चढत होत्या. मेल्यांना एकदा तरी चढायला लावलं पाहिजे, असं त्यांना दर पायरीला वाटायचं.

“मग फितीचं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“रद्द.” अपूर्व खाली बघत म्हणाला. “साहेबांनी अहवालात लिहून टाकलं, चार महिन्यांपासून वापरात आहे म्हणून. आता संघाची पुढच्या कार्यक्रमांची यादी आलीय. गुरुवारी इथे भेट, वापरणाऱ्या बायकांशी गप्पा. मावशी, माझी नोकरी नवीन आहे हो.”

कांताबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. त्यांनी राग गिळला.

“बोलेन की. पण आत कसं आहे ते बघू तरी द्या. पाहुण्यांनी विचारलं, दांडी कुठल्या हाताला, तर काय सांगू?”

हे अपूर्वला पटलं. त्याने कुलूप काढून दिलं. कांताबाई आत गेल्या, कडी लावली. बराच वेळ गेला. मग पाण्याचा आवाज आला.

बाहेर येऊन त्यांनी त्याच्या हातातलं कुलूप किल्लीसकट घेतलं आणि कमरेला खोचलं. शेजारची जया दारात येऊन उभीच होती. “जा गं, आता तू,” त्या म्हणाल्या. जया आत पळाली.

“दांडी उजव्या हाताला आहे, साहेब. आज पहिला दिवस. चार महिने भरले की आणा तुमचे पाहुणे.”