नखाची पारख

हिराच्या बोटीचं इंजिन खोलून मी तिला बोलावलं. गेल्या दिवाळीत ते भर समुद्रात बंद पडलं होतं. बोट सापडली, तिचा थोरला, केतन, सापडला नाही. डिझेलात पाणी गेलं असेल, असं मीच तेव्हा सांगितलं होतं. आता नारळी पुनवेला तिचा धाकटा, दर्पण, तीच बोट नेणार होता. सिलिंडर घासलं असेल तर बोईसरच्या वर्कशॉपात नेऊन आतून कोरून, म्हणजे बोअर करून घ्यायचं, नसेल तर पिस्टनला नव्या रिंगा घालून तेच वापरायचं, एवढंच ठरवायचं होतं. घासलेलं सिलिंडर भर समुद्रात कधीही दगा देतं. त्याला आत वरच्या बाजूला कड राहते. नख खालून वर ओढलं की त्या कडेला अडकतं. चाळीस वर्षं मी असंच बघतो, माप कधी लावलं नाही. मी नख ओढलं. ते सरळ वर आलं. "चांगलं हाय. रिंगा टाकू," मी म्हणालो. "तुमचं नख काय सोन्याचं हाय, काका? सरका, मी बघते," ती हसत म्हणाली आणि कोळंबी सोलणारं आपलं नख तिने आत घातलं. ते अडकलं. तिने पुन्हा ओढलं. पुन्हा अडकलं. मी माझं बोट घातलं, जोर देऊन ओढलं. मला काहीच जाणवलं नाही. साखरेच्या आजाराने दोन वर्षांपासून बोटं बधिर होती, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. हिराचं हसू गेलं. "गेल्या साली केतनला पण तुमी नखानंच बघून सांगितलेलं ना, काका?" माझं बोट अजून सिलिंडरमध्येच होतं.