अण्णांनी भाजलेल्या चापा

गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत सारून अण्णांनी निखाऱ्यावरच्या चापा चिमट्यानं उलटल्या. बोकडाच्या त्या बरगड्यांवरची चरबी त्यांनी स्वतःच सुरीनं काढली होती. माळ घातल्यापासून, मटण शिजणाऱ्या घरचं पाणीसुद्धा न पिणारा हा माणूस आज आपल्याच अंगणात धुरात डोळे चोळत होता. बायको गेल्यापासून घरात करणारं दुसरं होतंच कोण?

"बाळंतपणात रक्त फार गेलंय," लेकीला तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तेलकट रस्सा नको. चापा भाजून द्या, वर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागेल. पण तिनं खाल्लं तर!"

तेच तर होत नव्हतं. बाळ झाल्यापासून लेकीचं ताट जसंच्या तसं परत येत होतं. तिचं बोलणंही बंद झालं होतं.

अण्णांनी ताटली तिच्यापुढं ठेवली आणि तिच्याकडं पाठ करून उंबऱ्यावर बसले. तिला मटण खाताना त्यांना बघवणार नव्हतं. आणि तिनं ताटली बाजूला सारलेली तर त्याहून नाही. कान मात्र मागं लागले होते. बराच वेळ आत काहीच हललं नाही. बाळ कुरकुरलं, गप्प झालं. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

टण्! ताटलीत हाड पडलं. थोड्या वेळानं दुसरं.

"अण्णा," लेकीच्या आवाजात जुना फणकारा होता, "मीठ घालायचं राहिलंय की हो!"

चाखून बघणार तरी कसे? अण्णा उठले, मिठाचा डबा घेतला आणि तिच्यासमोर, ताटलीकडं तोंड करून, मांडी घालून बसले.