चंद्रोदयाची वेळ

“आई, परदेशात फुकटच्या वायफायला मन जोडू नकोस, एकाच्या मनातलं दुसऱ्याच्या मनात जातं,” लेकीनं बजावलं होतं. पण अनसूयाबाईंची संकष्टी होती आणि लिस्बनमधल्या चंद्रोदयाची वेळ हवी होती. स्टेशनवरच्या बाकावर बसून त्यांनी क्षणभर मन जोडलं. वेळ आलीच नाही. आलं ते कुणाचं तरी वचन. आज बायकोच्या थडग्यावर पिवळी फुलं ठेवायची, दफनभूमी सहाला बंद होते.

शेजारचा म्हातारा पुटपुटला, ते कानातल्या दुभाष्यानं मराठीत सांगितलं, “चंद्र नऊ बावन्नला, एवढंच डोक्यात घोळतंय. मी निघालो कुठं होतो, तेच आठवत नाही.”

“मला आठवतंय, भाऊ. चला.”

पाच वाजले होते. कधी न पाहिलेल्या, तरी ओळखीच्या रस्त्यानं त्या त्याला फुलांच्या दुकानाकडे घेऊन निघाल्या.