तांब्याभर पाणी

शिवानीने अगेव्हचा, म्हणजे शोभेच्या घायपाताचा, मधला कोंब नुसता धरला, तर तो अख्खा हातात आला. खालचा भाग काळपट, बुळबुळीत, आणि असा वास की तिने तोंड फिरवलं. जे. पी. नगरातल्या त्या टीचभर अंगणात हे झाड तिने सहा वर्षं वाढवलं होतं. भोवती खडी, दोन मोठे दगड, पाणी महिन्यातून एकदा. बोअरवेल आटलेल्या त्या गल्लीत तिची कोरडी बाग बघायला लोक यायचे, आणि ती त्यांना झाडापेक्षा स्वतःबद्दलच जास्त सांगायची.

"मल्लाप्पा!"

माळी खराटा टाकून धावत आला. झाडाकडे बघताच काय झालंय ते त्याला कळलं.

"पानी किसने डाला? महिने में एक बार, बोला था ना मैंने?"

"मेडम, मैं नहीं डाला."

"फिर किसने डाला? बारिश तो हुई नहीं."

मल्लाप्पाला नजर आवरली नाही. ती सरळ पायरीवर मटार सोलत बसलेल्या मथुराबाईंकडे गेली.

मथुराबाई शिवानीच्या सासूबाई, नागपूरहून इथे राहायला आलेल्या. या बागेत तुळस नाही. रोज पाणी लागतं म्हणून सुनेने ती ठेवू दिली नव्हती. मग आंघोळ झाल्यावर तांब्यातलं पाणी वाहायचं कुठे? गेले दोन महिने रोज सकाळी, सून जिमला गेली की, त्या तांब्याभर पाणी या घायपाताला घालत होत्या. बरोब्बर मध्यावर, आणि वर नमस्कार. मल्लाप्पाने एकदा हात हलवून नको नको केलं होतं. त्यांनी त्याला चहा दिला आणि विषय संपला.

"नीवे हेळि, अम्मा," मल्लाप्पा कानडीत म्हणाला. तुम्हीच सांगा, एवढंच. त्यात चुगली नव्हती, नुसतं आर्जव होतं. गल्लीतली पाच घरं त्याला शिवानीच्या शब्दावर मिळाली होती. तिने ग्रुपवर एक ओळ टाकली असती, तर पाचही गेली असती.

मथुराबाईंचे हात थांबले. नागपूरचं घर विकून झालं होतं. मुलगा, प्रणीत, दौऱ्यावर होता. गेल्या महिन्यात त्यांच्या हातून गॅस चालू राहिला, तेव्हापासून "आई, आता अजून काही झालं तर आपल्याला वेगळा विचार करावा लागेल" हे वाक्य सुनेने दोनदा ऐकवलं होतं. त्या घाबरल्या. चांगल्याच घाबरल्या.

"मी कशाला पाणी घालू बाप्पा?" त्या म्हणाल्या. "ते काय तुळस आहे?"

इथे थांबल्या असत्या तरी भागलं असतं. पण नाही थांबल्या. "हाच घालत असेल. पाइप सोडून फोनवर बोलत राहतो. मी पाहिलंय की."

मल्लाप्पाला मराठी येत नव्हतं, पण बोट कुणाकडे आहे ते दिसत होतं. तो त्या बोटाकडे बघत राहिला.

शिवानीने फोन काढला, उभ्या उभ्या चार शब्द टाइप केले. "कल से मत आना. ग्रुप पे भी डाल दिया है."

"मेडम, स्वल्प सुनो…"

"सरी, सरी. बस हो गया, जाओ."

मल्लाप्पाने खराटा भिंतीला टेकवला, चपला घातल्या. फाटकातून वळून "बरतीनि, अम्मा" म्हणाला, रोज जाताना येतो म्हणायचा तसंच. मथुराबाईंनी मान वर केली नाही.

शिवानी हात धुऊन आली आणि सासूबाईंच्या शेजारी पायरीवर बसली. मटारची एक शेंग उचलून सोलू लागली. मथुराबाईंना हायसं वाटलं.

"तसा चांगला होता हो," त्या म्हणाल्या.

"चांगलाच होता. पाणी त्याने घातलंच नव्हतं, आई." शिवानीचा आवाज अगदी गोड होता. "गेटवर कॅमेरा आहे ना. मधली पानं पिवळी पडली म्हणून कालच सगळं रेकॉर्डिंग पाहिलं मी. तांब्या, नमस्कार, सगळं."

मथुराबाईंच्या मांडीवरचे दाणे घरंगळत पायरीवर पडले.

"मग… मग त्याला का काढलंस?"

शिवानीने सोललेले दाणे त्यांच्या ताटात टाकले.

"तुम्हाला काढता येत नाही ना," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.